आधी भाडेकरू, मग घर

भाड्याने देण्यासाठी एखादा छोटा फ्लॅट घ्यावा, असं ज्याच्या मनात येतं तो सगळ्यात आधी सॅम्पल फ्लॅट बघायला जातो. तिथे पांढरा सोफा असतो, भिंतीवर बुद्ध असतो, पलंग नेहमीपेक्षा आखूड असतो म्हणून खोली मोठी दिसते, आणि कॉफी फुकट मिळते. माझ्याकडे कुणी विचारायला आलं तर मी त्याला वेगळ्याच जागी पाठवते. सकाळी साडेसहाला थेरगावच्या डांगे चौकात जाऊन उभा राहा, म्हणते. चाकण-तळेगावच्या कंपन्यांच्या बस माणसं उचलतात त्या वेळी. कोण चढतंय, किती वयाचं आहे, कुठल्या गल्लीतून चालत येतंय, एकटं आहे की तिघं-चौघं मिळून, हातातला डबा घरचा आहे की मेसचा, हे नीट बघ. तो तुझा भाडेकरू. तो आज कुठे राहतो, किती भाडं देतो आणि जरा बरी जागा मिळाली तर आणखी किती देईल, एवढं कळलं की कुठलं घर घ्यायचं हे अर्धंअधिक ठरून जातं.

माझी सगळी नोकरी एका बँकेच्या गृहकर्ज विभागात गेली, तीही पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतच. कर्ज मागणाऱ्याचा पगार तपासणारे वेगळे होते. मी घराचे कागद तपासायची. निवृत्त झाल्यावरही ते सुटलं नाही. सोसायटीतले लोक, नात्यातली मुलं, जुन्या गिऱ्हाइकांच्या सुना फाइल घेऊन येतात आणि ‘मावशी, जरा नजर टाका’ म्हणतात. राहतं घर सोडून माझ्या नावावर एक वन-बीएचके आणि एक वन-आरके आहे. दोन्ही भाड्याने दिलेली आणि दोन्ही घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटांच्या आत. हे अंतर मुद्दाम सांगतेय. मोठ्या गुंतवणूकदाराकडे मॅनेजर असतो, वकील असतो, प्लंबर ठरलेला असतो. छोट्याकडे फक्त ओळख असते: कुठल्या बोळात पावसाचं पाणी साचतं, कुठल्या बिल्डिंगची लिफ्ट सहा महिने बंद आहे, कुठल्या सोसायटीचा सेक्रेटरी कटकट्या आहे. ती ओळख आपल्याच भागात असते. चिंचवडचा माणूस दूरच्या एखाद्या ‘येणाऱ्या’ विमानतळाजवळ प्लॉट घेतो तेव्हा त्याने आपलं एकमेव भांडवल घरीच ठेवलेलं असतं.

आमच्या या शहराला घरमालकी नवी नाही. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पिंपरीत १९५४ साली आली, एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. टेल्को, बजाज आणि त्यांना माल पुरवणारी शेकडो वर्कशॉप इथे उभी राहिली. मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून माणसं कामाला आली. त्यांना राहायला जागा कुणी दिली? काळेवाडी, रहाटणी, भोसरी, थेरगावच्या शेतकऱ्यांनी. गोठ्याशेजारी आधी पत्र्याच्या चार खोल्या, मग त्यांवर स्लॅब, मग मजला. त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना कुठल्या कंपनीचा पगार सात तारखेला होतो आणि कुठलीचा दहाला, हे तोंडपाठ असायचं, आणि भाडं मागायची तारीख त्यावरून ठरायची. एक्सेल शीट घेऊन येणाऱ्या आजच्या मुलांपेक्षा त्यांचा हिशोब पक्का होता, कारण तो भाडेकरूपासून सुरू व्हायचा.

माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. तिने आणलेला प्रस्ताव असा: रिसेलचा वन-बीएचके, किंमत ४० लाख, भाडं १४ हजार. ती म्हणाली, ‘मावशी, वर्षाला एक लाख अडुसष्ट हजार म्हणजे सव्वाचार टक्के. शिवाय भाव वाढणारच.’ मी वही घेतली आणि तिलाच लिहायला लावलं.

मुद्रांक शुल्क पिंपरी-चिंचवडमध्ये सात टक्के पडतं: मूळ पाच, वर एक टक्का स्थानिक संस्थेचा आणि एक टक्का मेट्रोचा. झाले २ लाख ८० हजार. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही. म्हणून ३० हजार. एजंट एक टक्का घेतो, ४० हजार. सोसायटीचं हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त २५ हजार असतं. वकिलाचे १५ हजार. रंग, नळ, पंखे, खिडकीच्या जाळ्या मिळून ६० हजार धर. एकूण ४४ लाख ५० हजार. घर चाळीसचं, पण खिशातून गेले साडेचव्वेचाळीस.

आता भाडं. बारा महिन्यांचं धरायचंच नाही. जुना भाडेकरू जाणार, रंग होणार, नवा येणार, त्यात महिना जातो. अकरा महिन्यांचे १ लाख ५४ हजार. त्यातून मेंटेनन्स महिना १८०० म्हणजे २१ हजार ६००. घर भाड्याने दिलंय म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, तरी वर्षाचे १८०० झाले. घरपट्टी ७ हजार, किरकोळ दुरुस्ती १० हजार, कराराचा खर्च ३ हजार. हातात उरले १ लाख १० हजार ६००. साडेचव्वेचाळीस लाखांवर हे अडीच टक्के होतात.

भाचीने पेन खाली ठेवलं. ‘पण भाव वाढेल ना गं.’ वाढेल की. वर्षाला पाच टक्क्यांनी वाढला असं धरलं तर दहा वर्षांत ४० लाखांचे ६५ लाख होतात. पण तुझे गेलेत ४४.५ लाख, तेव्हा तुझ्या पैशाची वाढ वर्षाला चार टक्क्यांच्या आतच पडते. त्यात भाड्याचे अडीच मिळवले तरी साडेसहाच्या आत. चांगल्या बँकेची मुदत ठेव यापासून फार लांब नाही, आणि ठेवीचा नळ कधी गळत नाही.

मग मी स्वतः का घेतली? कारण सगळी घरं या हिशोबात सारखी बसत नाहीत. घर जितकं लहान, तितकं किमतीच्या मानाने भाडं जास्त येतं. भाचीने शेवटी घेतलं ते चिंचवड स्टेशनजवळच्या जुन्या इमारतीतलं वन-आरके, २० लाखांचं, भाडं ८,५००. किंमत अर्धी झाली, भाडं अर्ध्यापेक्षा जास्त राहिलं. इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही, पार्किंग नाही. विकायला गेलं तर कुटुंबवाला गिऱ्हाईक नाक मुरडेल. पण स्टेशन आणि बसस्टॉप चालत गाठता येतो, आणि ज्याला पार्किंग लागतच नाही अशा माणसासाठीच ती खोली आहे. शिवाय घर तिने एकटीच्या नावावर घेतलं. निवासी घर फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. १ एप्रिल २०२१ पासून ती आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की गेली. आधी अट अशी होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही. २०२३ मध्ये तीही काढली. २० लाखांवर वाचले २० हजार. तिच्या सासऱ्यांना हे रुचलं नव्हतं, पण वीस हजारांचा आकडा ऐकून ते गप्प बसले.

एक सांगायचं राहिलं. शुल्क व्यवहाराच्या किमतीवर लागतं असं लोक धरून चालतात. सरकारचा वार्षिक मूल्यदर तक्ता असतो, सगळे त्याला रेडी रेकनर म्हणतात. त्यातली किंमत आणि तुमची किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर शुल्क लागतं. तेव्हा ‘स्वस्तात मिळालं’ म्हणून नाचण्याआधी तो तक्ता उघडावा. आणि विकणारा ‘थोडे कॅशमध्ये द्या’ म्हणाला तर उठावं. घरजमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि त्या रोख पैशाला उद्या विकताना कागदावर जागा नसते. आज वाचवलेलं शुल्क तेव्हा नफ्यावरचा कर म्हणून भरावं लागतं.

आता कागद. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी नोकरीच ती होती.

‘रजिस्टर्ड खरेदीखत आहे, घरपट्टी आपल्या नावाने येते, लाइटचं मीटर आहे, अजून काय पाहिजे?’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याचा सूरही पाठ झालाय. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याचा हक्क खरा आहे याची हमी तो देत नाही. महापालिका बेकायदा बांधकामालाही घरपट्टी लावते. आमच्याकडे तर अशा घरांवर शास्तीकर नावाचा दंडही होता. २०२३ मध्ये राज्य सरकारने तो माफ केला तेव्हा पेढे वाटले गेले. पण दंड माफ झाल्याने बांधकाम अधिकृत झालं नाही. हा फरक पेढे खाणाऱ्यांतल्या निम्म्यांना माहीत नव्हता.

मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या काठचे ३६ बंगले महापालिकेने पाडले. पत्र्याच्या खोल्या नव्हत्या त्या. लोकांनी आयुष्यभराची कमाई घालून बांधलेले बंगले होते. जागा निळ्या पूररेषेच्या आत होती. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि तिथेही बंगले वाचले नाहीत. प्लॉट विकणाऱ्याचे पैसे केव्हाच त्याच्या खिशात गेले होते. पूररेषेचे नकाशे महापालिकेच्या नगररचना विभागात बघायला मिळतात. नदीकाठचा ‘व्ह्यू’ दाखवणाऱ्या एजंटला तेवढा नकाशा मागून बघा, तो विषय कसा बदलतो ते पाहण्यासारखं असतं.

पूररेषा झाली, तसा तळवडे-रुपीनगरच्या बाजूला रेड झोन. देहूरोडच्या लष्करी दारूगोळा कोठाराभोवती बांधकामाला बंदी असलेला पट्टा आहे. त्यात हजारो घरं उभी आहेत, भाड्याने जातात, विकलीही जातात; बँक मात्र कर्ज देत नाही. म्हणून ती स्वस्त दिसतात. छोट्या गुंतवणूकदाराला ही स्वस्ताई फार खुणावते, ‘मी कुठे कर्ज काढतोय, रोकडा घेणार’ असं तो म्हणतो. पण तुझ्यानंतर ते कोण घेणार? कर्ज न मिळणारं घर फक्त रोख पैसेवाल्यालाच विकता येतं, आणि रोख पैसेवाला भाव पाडून मागतो. माझा साधा नियम आहे: कर्ज काढायचं नसलं तरी बँकेत अर्ज करून बघावा. प्रोसेसिंग फीचे चार पैसे जातील, पण बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च घेऊन सांगेल की हे घर तारण ठेवण्याच्या लायकीचं आहे की नाही. तो ‘नाही’ म्हणाला तर ते पैसे वसूल.

निगडी प्राधिकरणाची गोष्ट उलटी. तिथले कागद सरळ, रस्ते रुंद, पण प्लॉट नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याचे. नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली झालं आणि २०२१ मध्ये ते बरखास्त होऊन पीएमआरडीएत विलीन झालं. जागेची मालकी विकणाऱ्याकडे नसते, पट्ट्याचा हक्क असतो. हस्तांतराला परवानगी लागते, शुल्क लागतं. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण तो खर्च हिशोबात हवा आणि परवानगी मिळेपर्यंत इसाराच्या वर रक्कम जाऊ नये.

मग गुंठ्यांचे प्लॉट. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. मोशी, चऱ्होली, आळंदी रस्ता, पार शिरूरपर्यंत ‘फक्त इतक्या लाखांत’ अशा पाट्या दिसतात. शेतजमीन महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला सहसा घेता येत नाही; शिवाय १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकायला बंधन घातलं. त्या नियमांत अलीकडे बऱ्याच सवलती आल्या, २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, त्याची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांसाठी वाढवली. पण सवलत नेमक्या आपल्या गटाला लागू आहे का, हे तलाठ्याच्या नव्हे, जाणत्या वकिलाच्या तोंडून ऐकावं. दहा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर चढवून प्रत्येकाला ‘तुमचा हा कोपरा’ असं दाखवलं जातं. कागदावर कोपरा कुणाचाच नसतो. नोटरी केलेलं साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र एवढ्यावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्येच स्पष्ट केलंय. तरी अशा कागदांचे प्लॉट आजही विकले जातात आणि घेणारे सुशिक्षित असतात. भाडं नाही, कर्ज नाही, नाव सातबाऱ्यावर नाही. याला मी गुंतवणूक म्हणत नाही.

फ्लॅटच्या बाबतीत बघायच्या गोष्टी त्या मानाने सोप्या. भोगवटा प्रमाणपत्र आहे का. आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी मूळ कागदांत जुळते का. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या फ्लॅटचा इंडेक्स टू काढला तर विकणाऱ्याचंच नाव येतं का. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला. जुन्या इमारतीत आणखी एक: जमिनीचं कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावावर झालंय का. झालं नसेल तर इमारत सोसायटीची आणि जमीन अजून बिल्डरची, असा प्रकार असतो आणि पुनर्विकासाच्या वेळी तो नडतो.

नवं, बांधकाम चालू असलेलं घर घ्यायचं तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडून अर्धा तास घालवावा. महारेरा १ मे २०१७ पासून आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची. तिथे पूर्ण होण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, किती घरं विकली गेली, कोर्टात काय चालू आहे, सगळं दिसतं. नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. पण भाड्यासाठी घेणाऱ्याने चालू बांधकाम घ्यावंच का, याबद्दल माझं मत कडक आहे: पहिलं घर तरी तयारच घ्यावं. चालू बांधकामावर जीएसटी पाच टक्के लागतो (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर एक), पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर लागत नाही. ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि हप्ता मात्र चालू. आणि ताबा मिळतो त्या महिन्यात त्याच इमारतीतले शंभर मालक एकदम भाडेकरू शोधायला निघतात.

कर्जाबद्दल एवढंच. तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत देते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी धरत नाही. म्हणजे त्या ४० लाखांच्या घराला ८ लाख अधिक वरचे साडेचार, असे साडेबारा लाख स्वतःचे हवेत. बत्तीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता २७ हजार ७७०. भाडं १४ हजार. ‘भाड्यातून हप्ता फिटतो’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं त्याने हा हिशोब केला नव्हता. खर्च वजा जाता महिन्याला जे नऊ हजार दोनशे उरतात, त्यातून साधारण साडेदहा लाखांचं कर्ज फिटतं. तेवढंच काढा असं मी म्हणत नाही, पण त्याच्या वरचा प्रत्येक रुपया तुमच्या पगारातून जाणार आहे हे माहीत असू द्या. पगार थांबला, भाडेकरू गेला, हे दोन्ही एकदम घडू शकतं. सहा हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय सही करू नये.

बँकेत होते म्हणून लोक मला लिलावाबद्दल हमखास विचारतात. थकलेल्या कर्जाची घरं बँका सरफेसी कायद्याखाली विकतात, हा कायदा २००२ चा. वर्तमानपत्रात बारीक टायपात जाहिरात येते, बोली ऑनलाइन होते. घर बाजारभावापेक्षा स्वस्त मिळू शकतं, हे खरं. पण जाहिरातीत ‘जसे आहे, जेथे आहे’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ शब्दशः घ्या: सोसायटीची थकबाकी, वीजबिल, घरपट्टी, आत राहणारा माणूस, सगळं तुमचं. ताबा प्रत्यक्ष आहे की प्रतीकात्मक, हा पहिला प्रश्न. प्रतीकात्मक म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवलीय, आत कर्जदाराचं कुटुंब स्वयंपाक करतंय. बोली लागली की पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे, उरलेले विक्री मंजूर झाल्यापासून पंधरा दिवसांत; मुदत वाढवून मिळते, पण ती बँकेच्या संमतीने. नाही भरले तर दिलेले जप्त. पंधरा दिवसांत नवं गृहकर्ज मंजूर करून आणणारा माणूस मी माझ्या टेबलावर फार क्वचित पाहिला. तेव्हा लिलाव हा रोख पैसा तयार असलेल्याचा आणि कोर्टकचेरीला न कंटाळणाऱ्याचा खेळ. पहिल्या खरेदीला नको.

घर झालं, आता त्यात माणूस ठेवायचा. भाडं घेणाऱ्या बहुतेकांना वाटतं की अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. खर्च किती? १४ हजार भाडं, ४० हजार डिपॉझिट, अकरा महिने, याला स्टॅम्प चारशे रुपयांच्या आसपास आणि शहरात नोंदणी एक हजार. घरबसल्या होतो, आधार आणि अंगठा लागतो. चौदाशे रुपये वाचवायला चाळीस लाखांचं घर टांगणीला लावणारे लोक मी पाहते. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवावी. मीटरचा फोटो चावी देताना आणि घेताना काढावा, कारण वीजबिल थकलं तर महावितरण मीटरवाल्याला धरते.

‘बॅचलर नको, फॅमिली पाहिजे’ हा सोसायट्यांचा ठेका. माझ्या वन-आरकेत रुग्णालयात काम करणाऱ्या दोन सिस्टर आहेत. रात्रपाळी असली की दिवसा झोपतात, आवाज नाही, भाडं पाच तारखेच्या आत. सेक्रेटरींनी सुरुवातीला कुरकुर केली. त्यांच्या आईला इंजेक्शन द्यायला त्यातली एक जाऊ लागली, तेव्हापासून कुरकुर बंद. दरवर्षी पाच टक्के वाढ करारात लिहिलेली आहे, पण चांगला भाडेकरू टिकावा म्हणून मी कधी तीनच घेते. एक महिना घर रिकामं राहण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

कराचं थोडक्यात. भाड्यातून घरपट्टी वजा होते, उरलेल्याच्या तीस टक्के सरसकट वजावट मिळते, बिलं दाखवावी लागत नाहीत. कर्जाचं व्याजही भाड्यातून वजा होतं. मात्र नव्या करप्रणालीत ते भाड्यापेक्षा जास्त झालं तरी तो तोटा पगारातून वजा करता येत नाही. दोन वर्षांनंतर विकलं तर दीर्घकालीन नफा, त्यावर साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर महागाई निर्देशांक धरून वीस टक्के हा जुना पर्यायही आहे. दोन्ही करून बघावं.

आणि ज्याच्याकडे दहा-वीस हजारच आहेत? त्याने चार मित्रांत मिळून प्लॉट घेऊ नये, मैत्री आणि प्लॉट दोन्ही अडकतात. शेअर बाजारात रीट मिळतात. मोठ्या कार्यालयांची मालकी युनिटांत वाटलेली असते, आणि वाटपयोग्य रोकडीतला नव्वद टक्के हिस्सा युनिटधारकांना द्यावाच लागतो. देशातलं पहिलं, एम्बसीचं, एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आलं. हिंजवडीतलं टेकझोन त्यातच आहे. भाची रोज ज्या आयटी पार्कच्या गेटवरून जाते त्याची भाडेकरू एखादी कंपनी आणि, थोडी युनिटं घेतली की, घरमालकीण, चिमूटभर का होईना, ती. युनिटचा भाव शेअरसारखा खाली-वर होतो, हे मात्र पोटात ठेवून घ्यावं.

भाचीच्या खोलीला आता दुसरा भाडेकरू आहे. पहिला तळेगावला बदलून गेला, मध्ये तीन आठवडे घर रिकामं होतं. तिने वहीत ते तसंच लिहिलंय. आता तिला भोसरीत एक छोटा औद्योगिक गाळा दिसलाय. भाडं घरापेक्षा चांगलं आहे म्हणते. मी तिला विचारलं, आत कोण बसणार, लेथवाला की पॅकिंगवाला? लेथवाला असेल तर थ्री-फेज किती भाराचं आहे आणि ते कुणाच्या नावावर आहे, टेम्पो शटरपर्यंत येतो का, की गल्लीच्या तोंडाशी माल उतरवावा लागतो. जागा एमआयडीसीची आहे, म्हणजे पंच्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा. त्यातली किती वर्षं उरली आणि हस्तांतराचं शुल्क कोण भरणार, हे इसार देण्याआधी लिहून घ्यायचं. गाळ्याला गृहकर्ज मिळत नाही, व्याज जास्त पडतं. शनिवारी जाऊ म्हणाली. मी म्हटलं, शनिवारी नको, गुरुवारी जाऊ, भोसरी एमआयडीसीत गुरुवारी लाइट बंद ठेवतात. कारखानदार मोकळे बसलेले असतात आणि शेजारच्या गाळ्याचं खरं भाडं किती, ते बोलता बोलता सांगतात.